कुरडई हलकी, खोके जड!

चैत्र-वैशाखात घरोघरी अंगणात धोतरे, लुगडी अंथरली जातात आणि त्यांवर कुरडया, पापड, सांडगे वाळू लागतात. पूर्वी हा माल घरच्यापुरता असे. फार तर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना चार डबे जात. आता दिवस पालटले आहेत. सुना-लेकी मोबाईलवर मालाचे फोटो टाकतात, कुठल्या कुठल्या गावांहून मागणी येते आणि पैसे थेट खात्यात जमा होतात. ही फार चांगली गोष्ट झाली. मात्र माल आपल्या उंबऱ्यातून निघून गिऱ्हाइकाच्या दारी पोचेपर्यंत जो खर्च होतो, तो नीट न धरल्याने कष्टावर पाणी पडलेली घरे मी पाहिली आहेत. त्यांतले एक तर माझेच आहे.

सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी धाकट्या भावजयीने सात बायकांचा बचत गट चालवला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी गव्हाच्या कुरडया मोबाईलवरून विकायला काढल्या. अर्ध्या किलोचा भाव २२० रुपये ठरला. टपालखर्चासाठी फोनवर चौकशी केली, "अर्धा किलो पुण्याला पाठवायला किती पडतील?" उत्तर आले, साठ रुपये. झाले! २८० रुपये किंमत जाहीर झाली आणि आठवड्यात अठरा जणांनी पैसेही भरले.

भावजयीने किराणा दुकानातून बिस्किटांची रिकामी खोकी आणली, त्यांत कुरडया भरल्या आणि पहिली सहा पार्सले घेऊन ती तालुक्याला गेली. तिथल्या माणसाने खोके काट्यावर ठेवले, मग टेप लावून मापले आणि प्रत्येकी १९० रुपये सांगितले. त्याच दिवशी माल रवाना करण्याचा शब्द दिलेला. बिचारीने पदरचे पैसे भरले आणि घरी येऊन मला विचारले, "भाऊजी, माल अर्धा किलो आणि पैसे तीन किलोचे! त्याचा काटा खोटा आहे का?"

काटा खोटा नव्हता. हिशेब आपला चुकला होता.

पार्सलचे पैसे नुसत्या वजनावर ठरत नाहीत. हलके पण मोठे खोके गाडीत जागा अडवते, म्हणून त्या जागेचेही वजन धरतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा ५००० ने भागायचे. येते ते किलोतले आकारी वजन. काट्यावरचे वजन आणि हे वजन, यांत जे जास्त त्याचे पैसे लागतात. आमचे खोके ३० × २५ × २० सेंटिमीटरचे होते. गुणाकार १५,००० आणि ५००० ने भागले की आले ३ किलो. कुरडई हलकी, पण खोके जड पडले!

आता २८० रुपयांतून १९० गेले, उरले ९०. गहू, जळण आणि बायकांची मजुरी धरून अर्ध्या किलोचा खर्च १५० रुपये. म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

घरात त्या रात्री खल झाला. भावजय म्हणाली, "अठरा जणांना फोन करून एकशे तीस रुपये जादा मागू या." आई म्हणाली, "भाव सांगून माप घातलं, की मागनं पैसे मागायचे नसतात. चूक आपली, भुर्दंड त्यांना का?" भावजयीच्या डोळ्यांत पाणी आले. "खरं आहे आत्या, पण गटातल्या चौघी रोजगारावर जाणाऱ्या. त्यांची मजुरी कुठनं द्यायची?"

दोघींचेही बरोबर होते. मग आम्ही असे केले. गेलेल्या सहा पार्सलांची ७८० रुपयांची तूट भावजयीने स्वतःच्या वाट्यातून सोसली. मजुरीला हात लावला नाही. उरलेल्या बारांसाठी २५ × २० × १५ सेंटिमीटरची लहान खोकी आणली. कुरडया बांगड्यांसारख्या एकीवर एक रचल्या. आकारी वजन दीड किलोवर आले आणि खर्च ११० रुपयांवर. तरी खोक्यामागे ५० रुपये कमी पडतच होते.

इथे मला शेतातले आंतरपीक आठवले. दीड किलोचे पैसे भरायचे आणि कुरडया, खोके धरून काट्यावरचे वजन जेमतेम साडेसहाशे ग्रॅम! म्हणजे कपाशीच्या दोन ओळींतली जागा मोकळीच. त्यात मूग का पेरू नये? घरची हळद होती. ती वजनाला भारी आणि जागेला थोडी. बारा जणांना कळवले, "याच खोक्यातून पाव किलोच्या दोन पुड्या हळद हवी असल्यास तिचा टपालखर्च लागणार नाही." सात जणांनी घेतली. पुडीमागे ४० रुपये सुटले, म्हणजे ५६० रुपये. बारा खोक्यांची ६०० रुपयांची तूट जवळजवळ भरून निघाली. एकूण ८२० रुपयांचा चट्टा बसला, पण शब्द राहिला. त्या अठरांतल्या पाच जणांनी दिवाळीला पुन्हा माल मागवला.

भगिनींनो, आपल्यावर अशी पाळी येऊ नये म्हणून किंमत जाहीर करण्यापूर्वी एवढे करा :

१) आधी एक खोके पुरते भरून, चिकटपट्टी लावून बंद करा आणि मगच वजन करा. खोके, कागद, पिशवी यांचेही वजन होते, आणि त्यांना पैसेही पडतात.

२) टेपने तिन्ही बाजू मोजून आकारी वजन काढा. काही कंपन्या ५००० ऐवजी ४००० ने भागतात. तेव्हा आकडा वाढतो. हे आधी विचारून घ्या.

३) दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतात. एक किलो हळद खोक्यासह ११०० ग्रॅम झाली, की दीड किलोचे पैसे लागतात. त्यापेक्षा ४०० ग्रॅमच्या दोन पुड्या ठेवा, म्हणजे खोक्यासह किलोच्या आत बसेल. पुडीवर मात्र खरे वजन स्पष्ट लिहा.

४) गिऱ्हाइकाचा पिनकोड आधी विचारा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच कोकणातले. पिनचा पहिला आकडा विभाग सांगतो. ४ असेल तर महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड. ७ असेल तर बंगाल, ओडिशा, आसामकडचा मुलूख. जवळच्या गावचा दर सगळ्यांना लावू नका.

५) सांगितलेल्या दरात १८ टक्के जीएसटी आणि इंधनाचा जादा आकार धरला आहे का, ते विचारा. पोस्ट आणि खाजगी कुरिअर, दोन्हीकडे चौकशी करा, आणि दर हंगामाला नव्याने करा.

६) माल पोचल्यावर पैसे घेण्याची सवलत जपून द्या. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले, तर परतीचे भाडेही बहुधा आपल्याच गळ्यात पडते.

७) काट्यावरच्या आणि टेप लावलेल्या खोक्याचा फोटो काढून ठेवा. पुढे कोणी जास्त वजन लावले, तर दाखवायला पुरावा राहतो.

इतके करूनही अंदाज चुकला तर? तूट थोडी असेल तर सोसा आणि पुढचा भाव त्याच दिवशी सुधारा. तूट मोठी असेल तर माल निघण्यापूर्वीच सरळ लिहा, "आमच्याकडून टपालखर्च कमी धरला गेला. खरा खर्च इतका आहे. मंजूर असल्यास माल उद्या पाठवू, नसल्यास पैसे आजच परत करू." माल गेल्यावर मात्र मागे हात पसरू नका, आणि तूट भरण्यासाठी मापात तर कधीच मारू नका.

आमच्या भावजयीने आता चुलीजवळच्या भिंतीला एक टेप टांगली आहे. यंदा कुरडया वाळत घालण्याआधी तिने खोकी मोजून घेतली.