अर्धनिवृत्ती: कमाई थोडी कमी, घर थोडं जास्त, पण आधी हिशोब!



"सर, अजून दुकानाचं शटर उघडलं नाही आणि तुम्ही निवृत्तीचं काय सांगताय?" असं तुम्हाला वाटेल. पण ज्याला धंदा सुरू करायचाय, त्यालाच हा विषय आधी कळायला हवा. कारण नोकरी सोडताना बहुतेक जण म्हणतात, "स्वतःचा धंदा केला की वेळही स्वतःचा." आणि १० वर्षांनी बघावं तर नोकरीत निदान रविवार तरी होता, धंद्यात तोही गेला.

एक साधा हिशोब करा. तुमची मुलगी आज ८ वर्षांची आहे. ती १८ ची होईपर्यंत तुमच्या हातात साधारण ५२० रविवार आहेत. त्यातले परीक्षेचे, क्लासचे, मैत्रिणींचे वजा करा. आई-वडील गावी असतील आणि तुम्ही गणपतीला आणि मे महिन्यात असे वर्षातून दोनदाच जात असाल, तर पुढच्या १० वर्षांत फक्त २० भेटी. बुडालेली ऑर्डर पुढच्या सीझनला भरून निघते. हे रविवार आणि या भेटी निघत नाहीत.

अर्धनिवृत्ती म्हणजे नेमकं काय?

पूर्ण निवृत्तीत काम थांबतं आणि घर साठवलेल्या पैशावर चालतं. अर्धनिवृत्तीत काम चालूच राहतं, घरखर्चही कामातूनच निघतो. फक्त काम किती करायचं ते तुम्ही ठरवता. म्हणजे धंदा बंद करायचा नाही, धंदा छाटायचा.

या दोन्हींत पैशाचा फरक किती, ते बघा. १९९४ साली विल्यम बेंगेन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने तिथल्या बाजाराचे आकडे तपासून एक ठोकताळा मांडला. साठवलेल्या रकमेतून पहिल्या वर्षी ४ टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे वाढवत जा, तर रक्कम साधारण ३० वर्षं पुरते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम हवी. आपल्याकडे महागाई जास्त, त्यामुळे हा आकडा कमीत कमी समजा. घरखर्च महिना ५८,००० रुपये असेल तर वर्षाचे ६,९६,००० आणि त्याच्या २५ पट म्हणजे १ कोटी ७४ लाख!

आता उलटं बघा. तुम्ही थोडं काम करून महिन्याला फक्त २०,००० रुपये कमावत राहिलात, तर तेवढ्यापुरती ६० लाखांची पुंजी तुम्हाला लागत नाही. म्हणून पूर्ण निवृत्ती साठीपर्यंत परवडत नाही त्यालाही अर्धनिवृत्ती पंचेचाळिशीत जमू शकते. पण हे हातपाय चालतात तोवरच, हे विसरू नका. म्हणून बचत थांबवायची नाही.

कोणतं काम सोडायचं? तास मोजा

समजा, तालुक्याच्या गावी एक प्रिंटिंगचं दुकान आहे. मालकाच्या हातात सगळे खर्च जाऊन महिन्याला १,१०,००० रुपये पडतात. तो महिन्याला ३३५ तास काम करतो. म्हणजे रोज १२ तास आणि रविवारी अर्धा दिवस. त्याने ४ आठवडे वहीत तास लिहिले. चित्र असं निघालं:

- वाढदिवसाचे आणि नेत्यांचे फ्लेक्स: ३०,००० रुपये, १३० तास. तासाला साधारण २३० रुपये.
- लग्नपत्रिका: २५,००० रुपये, ७५ तास. तासाला ३३३ रुपये.
- शाळा, पतसंस्था, दवाखाने यांची बिलबुकं, पावतीपुस्तकं, फाईली: ४५,००० रुपये, ८० तास. तासाला ५६० रुपये.
- झेरॉक्स, लॅमिनेशन: १०,००० रुपये, ५० तास. तासाला २०० रुपये.

गल्ल्यात रोज रोख दिसते म्हणून मालकाला वाटत होतं, फ्लेक्सवरच दुकान चालतंय. प्रत्यक्षात रात्री ११ ला "भाऊचा वाढदिवस आहे, सकाळी चौकात लागला पाहिजे" असा फोन येतो तोही फ्लेक्सचाच आणि सहा महिने उधारी थकते तीही फ्लेक्सचीच. त्या १३० तासांत वसुलीच्या फेऱ्याही आल्या.

फ्लेक्स बंद केले तर? ३०,००० गेले. शिवाय दुकानभाड्यातला फ्लेक्सचा वाटा, समजा ४,०००, तो आता बाकीच्या कामावर पडतो. इथेच बरेच जण चुकतात. काम जातं, पण भाडं जात नाही! म्हणजे हातात राहिले ७६,०००. झेरॉक्सचं काउंटर एखाद्या होतकरू मुलाला शिकवून सोपवलं आणि त्यातले १०,००० त्यालाच दिले, तर उरले ६६,००० रुपये आणि १५५ तास. म्हणजे रोज ६ तास, रविवार पूर्ण सुट्टी.

कमाई ४० टक्क्यांनी कमी झाली, पण १८० तास मोकळे झाले. निम्म्याहून जास्त वेळ! उरलेल्या तासाची किंमत उलट वाढली. आधी सरासरी ३२८ रुपये होती, आता ४२५.

घराचा आकडा खरा काढा

६६,००० पुरतील का, हे दुकानात बसून कळत नाही. ते घरात बसून ठरतं, तेही दोघांनी मिळून. किराणा, फी, वीज, पेट्रोल हे सगळ्यांना आठवतं. विसरतो ते वर्षातून एकदा येणारं: विम्याचे हप्ते, शाळेचा जूनमधला खर्च, दिवाळी, लग्नातले आहेर, गावाकडच्या घराची दुरुस्ती. महिन्याचे ४८,००० आणि हे वर्षाचे १,२०,००० धरले, तर महिन्याला ५८,००० होतात. मग उरले ८,०००. ही बचत आहे, उधळायची रक्कम नाही.

आणि महागाई? रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्क्यांचं आहे, मर्यादा २ ते ६ टक्क्यांची. ६ टक्के धरलीत तर ७२ ला ६ ने भागा, म्हणजे १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. आजचे ५८,००० तेव्हा १,१६,००० होतील. म्हणून तास कमी केलेत तरी दर दरवर्षी वाढवावेच लागतील. आणि दर त्याच कामात वाढवता येतो जिथे ग्राहक तुमच्या भरवशावर येतो. फ्लेक्समध्ये शेजारचा दोन रुपयांनी स्वस्त देतो, संपला विषय.

आधी हे ४ खांब उभे करा

१. धंद्याचं कर्ज फिटलेलं असावं. हप्ता चालू असताना कमाई कमी करणं म्हणजे आगीशी खेळ.

२. १२ महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. आपल्या उदाहरणात साधारण ७ लाख, आणि तोही माल किंवा उधारीत अडकलेला नको.

३. सगळ्या घराचा आरोग्यविमा आणि कमावत्याचा टर्म विमा असावा. एक मोठं आजारपण अर्धनिवृत्ती एका आठवड्यात संपवतं.

४. वसुली शिस्तीत असावी. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करारातली मुदत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. बिलावर उद्यम क्रमांक छापा. जीएसटीतही उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर रिटर्न तिमाही भरायची सोय आहे, कर मात्र दरमहा भरावा लागतो. तुम्हाला काय लागू पडतं ते सीएला विचारा.

पैशाच्या पलीकडची अडचण

ही मी स्वतः भोगली, म्हणून सांगतो. मी शनिवार-रविवारच्या बॅचेस बंद केल्या तेव्हा वाटलं होतं, घरचे खूश होतील. पहिल्या रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, आज घरी कसे?" आणि मैत्रिणीकडे निघून गेली. तिचं चुकलं नव्हतं. इतकी वर्षं मी नसायचो, तिने तिचा रविवार माझ्याशिवाय बसवला होता. मी सोफ्यावर मोबाईल घेऊन ग्राहकांचे मेसेज बघत बसलो. शरीर घरी, डोकं बॅचमध्ये.

तीन-चार महिने गेले. नातेवाईक विचारायचे, "काय, काम कमी झालं का?" लागायचं. मग मी मोकळ्या वेळालाही काम नेमून दिलं. मंगळवारी वडिलांना फिजिओथेरपीला न्यायचं, रविवारी सकाळी बाजार मी आणि मुलीने करायचा, संध्याकाळी ७ नंतर धंद्याचा फोन बंद. आता ती बाजारातून येताना शाळेतलं सांगते. ही एवढी अर्धा तासाची वाट मिळायला मला चार महिने लागले. लवकर सुरुवात केली असती तर कमी लागले असते.

हे कोणी करू नये?

ज्याचा धंदा पहिल्या तीन वर्षांत आहे, त्याने नाही. त्या काळात राबावंच लागतं. वेळ वाचवायच्या नावाखाली कंटाळा आलेल्यानेही नाही. धंदा डळमळीत असेल तर छाटल्यावर तो फुटत नाही, वाळतो.

पण नवीन उद्योजकाने पहिल्या दिवसापासून एक करावं. प्रत्येक ऑर्डरसोबत रुपये लिहिताना तासही लिहावेत. आणि घरी एकदा विचारावं, "महिन्याला किती आले की पुरे?" हा 'पुरे'चा आकडा ज्याच्याकडे नाही, त्याला कितीही मिळालं तरी थांबता येत नाही.

तर आजचा गृहपाठ: एक वही घ्या, ४ आठवडे तास लिहा. मग तासाला सर्वांत कमी देणारं काम कोणतं निघालं, ते कमेंटमध्ये कळवा. तो आकडा बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. आणि हो, आज थोडं लवकर घरी जा!