देव भेटला म्हणजे नेमकं काय झालं?

‘मला साक्षात्कार झाला’ असं कुणी म्हणालं, की आपण एकतर हात जोडतो, नाहीतर हसतो. दोन्हींत त्या माणसाचं ऐकायचं राहूनच जातं. आज एका बाईंचं ऐकू या.

संत बहिणाबाई, १६२८ ते १७००. (बहिणाबाई चौधरी नव्हेत, त्या खानदेशच्या, दोन शतकांनंतरच्या. उत्तरपत्रिकेत ही गल्लत हमखास होते.) जन्म वेरूळजवळच्या देवगावचा, लग्न अगदी लहानपणी, नवरा वयानं खूप मोठा, वैदिक ब्राह्मण. कोल्हापुरात असताना त्यांनी कीर्तनांतून तुकारामांचे अभंग ऐकले. तुकाराम तेव्हा देहूला हयात होते, पण बहिणाबाईंनी त्यांना पाहिलेलं नव्हतं. लळा लावलेलं वासरू मेलं, आणि त्या दुःखात त्यांना तुकाराम स्वप्नात दिसले. त्यांनी मंत्र दिला. हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवलंय.

आता तुम्ही म्हणाल, स्वप्नच ते! बरोबर आहे. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या ग्रंथात अशा अनुभवांच्या चार खुणा सांगितल्या, त्या इथे लावून बघा. अनुभव शब्दांत मावत नाही. तो फार वेळ टिकत नाही. तो आपण आणत नाही, आपल्यावर येतो. आणि त्यातून काहीतरी खरं कळल्याची खात्री होते. ही चौथी खूण मला सगळ्यात अवघड वाटते, कारण ती खात्री दुसऱ्याला दाखवता येत नाही. जेम्स म्हणतात, ज्याला अनुभव आला त्याला तो बांधून ठेवतो. इतरांनी तो मानलाच पाहिजे असं नाही.

बहिणाबाईंच्या घरात नेमका हाच पेच पडला. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्र मानलेल्या माणसाला गुरू म्हणावं? नवऱ्यानं त्यांना मारझोड केली. ‘चुकलं, स्वप्नच होतं’ एवढं म्हटलं असतं तर मार वाचला असता. त्यांनी ते म्हटलं नाही, आणि संसारही सोडला नाही. पुढे नवऱ्याचंच मन पालटलं, दोघं देहूला गेले, तिथे तुकाराम प्रत्यक्ष भेटले.

नंतर याच बाईंनी ‘वज्रसूची’ हा संस्कृत ग्रंथ मराठी अभंगांत आणला. त्याचा विषय एकच: ब्राह्मण म्हणायचं कुणाला?