परकी वाद्यं आणि आश्रयाचा प्रश्न

झाशीचे राजे गंगाधरराव नाटकवेडे होते. त्यांनी नाट्यशाळा चालवली, स्वतः भूमिकाही केल्या आणि त्यापायी टीकाही सोसली. कलेला रसिकाइतकाच खर्च सोसणारा लागतो, हे झाशीच्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या हार्ड रॉक बँडकडे याच बाजूनं पाहिलं पाहिजे. १९८४ मध्ये हा बँड उभा राहिला. उदय बेनेगल गायचे, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटार वाजवायचे. इतर बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत असताना यांनी स्वतःची गाणी रचली. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ १९८८ मध्ये आला, ‘द सेकंड कमिंग’ १९९० मध्ये. १९९३ मध्ये नाव ‘इंडस क्रीड’ झालं, संगीतानंही भारतीय वळण घेतलं. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला. तरी १९९७ मध्ये बँड मोडला.

यावर ठरलेलं उत्तर असं की वाद्यं परकी, सूर परके, ते इथे रुजणार कसे? मग हार्मोनियमचं काय? हे युरोपातून आलेलं वाद्य आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत बंद ठेवलं होतं, आणि तरी नाट्यसंगीतापासून भजनापर्यंत त्याच्यावाचून कुणाचं अडलं नाही असं म्हणता येईल का? रुजलं, कारण नाटक कंपन्यांनी ते पोसलं. इंग्रजी शब्दांचा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे. त्यानं श्रोता मर्यादित राहिला, हे मान्यच करावं लागतं. पण भाषा बदलता येते. बेनेगल आणि गांधी यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ काढून भारतीय भाषांत गायलं. त्यांच्या हातात नव्हती ती बाजारपेठ. ती चित्रपटगीतांनी व्यापलेली होती, आणि रॉकच्या वाट्याला आले कॉलेजांचे महोत्सव आणि मुंबईतल्या धोबीतलावचं रंगभवन हे खुलं प्रेक्षागृह. (अशा मिळकतीवर वर्षभर कुणाचं घर चालत नाही.) पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनातले कार्यक्रमही थांबले. रुग्णालयांशेजारी गोंगाट नको, ही अट रास्तच. चूक अशी की त्याच्या बदल्यात तेवढ्याच सोयीची, परवडणारी जागा उभी राहिली नाही. २०१० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ निघाला, तेव्हा वाजवणारे तयार होते, ऐकणारेही होते. रंगभवनाचं दार मात्र त्यांच्यासाठी बंद झालेलं होतं.