विश्लेषण : अमेरिकेच्या गव्हाचे पैसे आणि मराठी पुस्तके… ‘एरिया स्टडीज’ म्हणजे काय? हे शिक्षण आता अडचणीत का आहे?

जुन्या मराठी शब्दाचा अर्थ मोबाइलवर शोधला, की अनेकदा मोल्सवर्थचा शब्दकोश उघडतो. हा कोश पहिल्यांदा १८३१मध्ये मुंबईत छापला गेला. पण तो आज आपल्याला फुकट दाखवणारे संकेतस्थळ आहे शिकागो विद्यापीठाचे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही तेथेच सापडतो. अमेरिकेतील एका विद्यापीठाला मराठी शब्दांशी काय देणेघेणे? त्याचे उत्तर ‘एरिया स्टडीज’ म्हणजेच प्रादेशिक अभ्यास या ज्ञानशाखेत आहे. या शाखेला आता पैशांची आणि धोरणांची झळ बसते आहे. ती आपल्याशी कशी जोडलेली आहे, ते समजून घेऊ.

एरिया स्टडीज म्हणजे नेमके काय?

एखादा प्रदेश निवडायचा आणि त्याचा आधुनिक इतिहास, राजकारण, समाज, साहित्य, धर्म हे सगळे एकत्र अभ्यासायचे, अशी ही पदव्युत्तर शिक्षणाची पद्धत आहे. एरवी इतिहासाचा एमए करणारा इतिहास शिकतो आणि राज्यशास्त्राचा विद्यार्थी राज्यशास्त्र. येथे विषय एक नसतो, प्रदेश एक असतो. तो दक्षिण आशिया, पश्चिम आशिया, आफ्रिका, मध्य आशिया किंवा लॅटिन अमेरिका असा कोणताही असू शकतो.

या शिक्षणाचे तीन पाय आहेत. पहिला, त्या प्रदेशाची भाषा. दुसरा, इतिहास किंवा मानववंशशास्त्रासारख्या एखाद्या विषयाची शिस्त. तिसरा, प्रत्यक्ष तेथे जाऊन राहणे. ब्रिटनमध्ये असा एमए साधारण एक वर्षाचा असतो, तर भारत आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा. पीएचडी करायची तर भाषेसाठीच काही वर्षे द्यावी लागतात.

याची सुरुवात कशी झाली?

सुरुवात ज्ञानाच्या ओढीने कमी आणि गरजेपोटी जास्त झाली. लंडनमधील ‘सोआस’ ही संस्था १९१६मध्ये स्थापन झाली. साम्राज्यात नोकरीला जाणाऱ्या अधिकाऱ्यांना तेथील भाषा आणि चालीरीती शिकवणे हे तिचे एक प्रमुख काम होते. मराठीही तेथे शिकवली जात असे.

अमेरिकेत धक्का बसला तो ऑक्टोबर १९५७मध्ये. सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि आपण मागे पडलो, अशी भीती अमेरिकेत पसरली. पुढच्याच वर्षी, १९५८मध्ये, ‘नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट’ हा कायदा झाला. विज्ञान आणि गणिताच्या शिक्षणाला त्यातून पैसा मिळाला, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण याच कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने (‘टायटल सिक्स’) परकीय भाषा आणि प्रादेशिक अभ्यासाच्या केंद्रांनाही निधी दिला. अमेरिकी विद्यार्थ्यांना हिंदी, तमिळ, बंगाली, मराठी अशा भाषा शिकण्यासाठी पाठ्यवृत्ती मिळण्याचा मार्ग त्यातून तयार झाला. म्हणजे उपग्रह सोडला रशियाने आणि अमेरिकेत मराठी शिकवायला बळ मिळाले.

गव्हाचा आणि मराठी पुस्तकांचा काय संबंध?

घरातल्या ज्येष्ठांना ‘पीएल-४८०’ हे नाव आठवत असेल. १९५४च्या या अमेरिकी कायद्याखाली भारताला गहू मिळत होता. रेशनवरचा तो परदेशी गहू आणि ‘मिलो’ ही लाल ज्वारी यांच्या आठवणी महाराष्ट्रात अजून निघतात. भारताकडे डॉलरची टंचाई होती, त्यामुळे या धान्याची किंमत रुपयांत चुकती करण्याची सोय होती. हे रुपये भारतातच साठत गेले.

त्यांचा थोडा हिस्सा पुस्तकांसाठी वापरायची मुभा नंतर मिळाली. १९६२मध्ये अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने दिल्लीत कार्यालय उघडले. भारतीय भाषांतील पुस्तके आणि नियतकालिके विकत घेऊन ती अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पाठवली जाऊ लागली. मराठी कादंबऱ्या, चरित्रे आणि मासिके अशीच समुद्रापार गेली. आपल्याकडे अनेक जुनी मासिके रद्दीत गेली. तेथे त्यांची नोंद झाली आणि ती कपाटात सुरक्षित राहिली.

महाराष्ट्राचा असा अभ्यास कोणी केला?

या व्यवस्थेतून आलेली काही नावे महाराष्ट्राच्या ओळखीची आहेत.

- एलिनॉर झेलियट : पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ या विषयावर प्रबंध लिहिला. १९६९मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. इंग्रजी विद्यापीठीय जगात दलित चळवळ हा गंभीर अभ्यासाचा विषय होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

- गेल ऑम्वेट : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे त्यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी केली. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजापासून हा प्रबंध सुरू होतो. त्या पुढे सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या झाल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि ऑगस्ट २०२१मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

- मॅक्सीन बर्नसन : फलटणमधील मराठी बोलीचा समाजभाषाशास्त्रीय अभ्यास करायला आल्या आणि फलटणकर झाल्या. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वाचायला कसे शिकवावे, यासाठी त्यांनी तेथे शिक्षणसंस्था उभी केली.

- गुंथर सोन्थायमर : जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे हे अभ्यासक धनगरांच्या वाड्यांवर फिरले. खंडोबा, बिरोबा आणि म्हस्कोबा या दैवतांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६मध्ये जर्मन भाषेत निघाला. त्याचे इंग्रजी भाषांतर केले अ‍ॅन फेल्डहाउस यांनी, ज्यांनी स्वतः महानुभाव पंथावर मोठे काम केले आहे.

भाषेवर इतका भर का?

समजा, एखाद्याने फक्त इंग्रजी कागदपत्रे वाचून एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास लिहिला. त्याला कलेक्टरचे अहवाल, गॅझेटियर आणि कोर्टाचे निकाल मिळतील. तो महाराष्ट्र साहेबाच्या खुर्चीतून दिसलेला असेल. फुल्यांचे अखंड, सत्यशोधकांचे जलसे, ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’मधील लेख हे सगळे मराठीत आहे. पेशवाईचे दप्तर तर मोडी लिपीत आहे. धनगरी ओव्या बराच काळ कोणत्याच कागदावर नव्हत्या. त्या ऐकायला रात्र जागवावी लागते.

यंत्राने भाषांतर करून हे काम भागेल का, हा प्रश्न आता साहजिकच विचारला जातो. छापील मजकुराचा ढोबळ अर्थ लागेल. पण जलशातील टोमणा कोणाला होता, एखाद्या नावापुढे ‘राव’ लागले आणि दुसऱ्याच्या पुढे का लागले नाही, हे कळायला माणसांत बसावे लागते.

या शाखेवर टीका काय आहे?

सर्वात मोठी टीका एडवर्ड सईद यांच्या १९७८मधील ‘ओरिएंटॅलिझम’ या पुस्तकाने केली. पूर्वेचा अभ्यास करणारे पाश्चात्त्य अभ्यासक पूर्वेचे एक ठरावीक चित्र तयार करतात आणि ते चित्र सत्तेच्या उपयोगी पडते, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. पैसा संरक्षणाच्या नावाखालील कायद्यातून येत असेल, तर अभ्यास कितपत स्वतंत्र राहील, ही शंकाही जुनीच आहे.

दुसरी टीका सीमांवर आहे. जगाचे ‘दक्षिण आशिया’, ‘पश्चिम आशिया’ असे तुकडे केले, की त्यांना जोडणारे धागे सुटतात. मुंबईचा इतिहास एडन, झांझिबार आणि आखाताशिवाय पुरा होत नाही. पण विद्यापीठात ही ठिकाणे वेगवेगळ्या विभागांत शिकवली जातात.

या टीकेत तथ्य आहे. मात्र पैसा देणाऱ्याचा हेतू आणि अभ्यासकाच्या हातून घडलेले काम हे दर वेळी एकसारखे नसते, हेही झेलियट किंवा ऑम्वेट यांच्या लिखाणावरून दिसते.

भारतात असे शिक्षण कोठे मिळते?

आपल्याकडेही धक्क्यांचाच हात होता. चीनबरोबरच्या १९६२च्या युद्धानंतर दोन वर्षांनी, १९६४मध्ये, दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. त्याआधी १९५५मध्ये दिल्लीत ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ उभे राहिले होते. ते १९७०मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा भाग झाले. तेथे जगातील वेगवेगळ्या प्रदेशांची स्वतंत्र केंद्रे आहेत. मुंबई विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचे केंद्र १९७१मध्ये स्थापन झाले. सोव्हिएत संघाच्या अभ्यासाचे केंद्रही तेथे होते. संघ कोसळल्यावर त्याचे नाव बदलून मध्य युरेशियाचे केंद्र झाले. कलिनाला येणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठात आफ्रिका शिकता येते, हे माहीतही नसते.

सध्या अडचण कोणती?

अडचणी तीन बाजूंनी आहेत.

पहिली अमेरिकेत. १९५८पासून चालत आलेल्या या निधीला २०२५मध्ये खीळ बसली. अमेरिकी शिक्षण खात्याने प्रादेशिक अभ्यासाच्या केंद्रांचा आणि भाषा-पाठ्यवृत्त्यांचा त्या वर्षाचा निधी दिला नाही. याचा फटका मोठ्या भाषांना कमी बसतो. वर्गात तीन-चारच विद्यार्थी असणाऱ्या मराठीसारख्या भाषांच्या वर्गांना तो आधी बसतो.

दुसरी भारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली. प्रादेशिक अभ्यासात ती दोन वर्षे नव्या भाषेची आणि विषयाची पायाभरणी करण्याची होती. आता विद्यार्थी थेट पीएचडीत उतरतो.

तिसरी अडचण सर्वात जवळची आहे. केंद्रीय सामाजिक न्याय खात्याची ‘नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप’ अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी मिळते. २०२२-२३च्या नियमावलीत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज या विषयांवरील संशोधन तिच्यातून वगळण्यात आले. अशा विषयांसाठी देशातच तज्ज्ञ आणि साधने आहेत, अशी खात्याची भूमिका होती.

हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. पण आपल्या भागाची कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि पुस्तके शिकागोत असतील, तर ती पाहायला जायचे कोणी? बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे मे १९१६मध्ये त्यांनी वाचलेला निबंध होता ‘भारतातील जाती’ या विषयावर. भारतावरचा विषय परदेशात नको, हा नियम त्या वेळी असता तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

प्रवेश घ्यायचा असेल तर काय पाहावे?

इंजिनीअरिंगनंतर एमएस, एमबीए किंवा स्पर्धा परीक्षा हे रस्ते घरोघरी ठाऊक आहेत. हा रस्ता निवडणाऱ्याने कर्ज काढण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात.

- अभ्यासक्रमात भाषा सक्तीची आहे का, आणि किती सत्रे? भाषा नसेल तर तो बहुधा सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय संबंधांचाच अभ्यासक्रम असतो.

- तुमच्या प्रदेशावर काम करणारे किमान दोन प्राध्यापक तेथे आहेत का? त्यांपैकी एक निवृत्तीला आला असेल तर ते आधीच विचारून घ्यावे.

- प्रत्यक्ष त्या प्रदेशात जाण्यासाठी पैसे विद्यापीठ देते की ते स्वतः उभे करायचे?

- एमएनंतर काय? पत्रकारिता, अनुवाद, ग्रंथालये आणि संग्रहालये, धोरण-अभ्याससंस्था, परराष्ट्र सेवा आणि अध्यापन ही क्षेत्रे आहेत. कॅम्पसमध्ये कंपन्या येऊन पॅकेज देतील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

मराठी माणसाने यातून काय घ्यावे?

मिनेसोटात शिकवणारी एक प्राध्यापक आंबेडकरी चळवळ समजून घेण्यासाठी मराठी शिकली. हायडेलबर्गचा एक माणूस जेजुरीची वाट चालला. आपल्यापैकी कितीजण शेजारच्या कर्नाटकाचा इतिहास कन्नड शिकून वाचतात? नोकरीसाठी आखातात गेलेल्यांपैकी कितीजणांना अरबी वाचता येते? आफ्रिकेशी मुंबईचा शतकांचा व्यापार आहे, पण स्वाहिली शिकलेला मराठी अभ्यासक शोधावा लागतो.

गव्हाचे पैसे कधीच संपले. त्यातून गोळा झालेली पुस्तके मात्र अजून तेथे आहेत. ती वाचू शकणारी पुढची पिढी कोणाच्या पैशाने तयार होणार, हा प्रश्न आता वॉशिंग्टनइतकाच दिल्ली आणि मुंबईचाही आहे.