इंटेल, एएमडी आणि पुढच्या प्रोसेसरची वाट

टेबलावरच्या संगणकात मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये बसणारा मुख्य प्रोसेसर गेली चार दशके जवळजवळ दोनच कंपन्या पुरवत आल्या आहेत. इंटेलची स्थापना १९६८ साली रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी केली. एएमडी १ मे १९६९ रोजी जेरी सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. दोन्हींचे संस्थापक फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या एकाच कंपनीतून बाहेर पडलेले आणि दोन्ही कॅलिफोर्नियातल्याच. त्यांचे प्रोसेसर समजतात ती आज्ञावलीही एकच आहे. १९७८ च्या ८०८६ या इंटेलच्या चिपपासून चालत आलेली ही आज्ञावली ‘एक्स८६’ म्हणून ओळखली जाते. त्यामुळे एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावरही चालतो. ग्राहकाला प्रत्येक नव्या पिढीला बाजू बदलण्याची मोकळीक मिळते ती यामुळेच, आणि पुढचा प्रोसेसर कसा असेल याकडे लोक वर्ष-वर्षभर आधीपासून डोळे लावून बसतात तेही यामुळेच.

या चढाओढीची सुरुवात मात्र सहकार्यातून झाली. आयबीएमने १९८१ साली आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी इंटेलची ८०८८ चिप निवडली, पण एकाच पुरवठादारावर विसंबून राहायची तिची तयारी नव्हती. म्हणून १९८२ च्या करारानुसार एएमडी इंटेलच्याच रचनेच्या चिप बनवू लागली. तिची २८६ चिप इंटेलच्या मूळ चिपपेक्षा अधिक वेगाने धावू लागली, तेव्हा इंटेलने हात आखडता घेतला आणि १९८५ च्या ३८६ ची रचना द्यायला नकार दिला. प्रकरण लवादाकडे आणि पुढे न्यायालयात गेले. दरम्यान एएमडीने स्वतःच्या बळावर १९९१ साली ३८६ तयार केली. इंटेलची चिप ३३ मेगाहर्ट्झवर थांबली होती, एएमडीची ४० वर चालत होती. केवळ आकड्यावर मालकी सांगता येत नाही असे न्यायालयात ठरल्यावर इंटेलने १९९३ च्या चिपला आकड्याऐवजी नाव दिले : पेंटियम.

पेंटियमच्या विकासाचे नेतृत्व करणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले विनोद धाम होते. इंटेल सोडून ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले आणि ती कंपनी एएमडीने विकत घेतली. तिच्या रचनेतूनच १९९७ साली एएमडीचा के६ हा प्रोसेसर आला. तो पेंटियमच्याच सॉकेटमध्ये बसत असे आणि स्वस्तही होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक ‘असेंबल’ करून घेणाऱ्यांपुढे त्यामुळे खरा पर्याय उभा राहिला.

प्रोसेसरबद्दलच्या अपेक्षा नेमक्या कशावर उभ्या राहतात, हे समजायला त्याच्या कामाचे साधे गणित पाहावे लागते. एका कोरचा, म्हणजे चिपमधल्या आज्ञा पार पाडणाऱ्या एका स्वतंत्र भागाचा, वेग दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतो. पहिली म्हणजे घड्याळाचे सेकंदाला किती ठोके पडतात ती, म्हणजे गिगाहर्ट्झ. दुसरी म्हणजे प्रत्येक ठोक्यात सरासरी किती आज्ञा पुऱ्या होतात ती. तिला ‘आयपीसी’ म्हणतात. यांत कोरची संख्या, चिपवरच्या जलद स्मृतीचा म्हणजे कॅशचा आकार आणि वीज किती खर्च होते हे हिशेब मिसळतात. गिगाहर्ट्झ आणि कोर खोक्यावर छापता येतात, आयपीसी छापता येत नाही. जाहिराती आणि अफवा छापता येणाऱ्या आकड्यांमागे धावतात याचे कारण हेच.

त्यातच नवी रचना कागदावरून दुकानात यायला चार-पाच वर्षे लागतात. बाजार पाच वर्षांनी काय मागेल याचा अंदाज बांधूनच अभियंत्यांना कामाला लागावे लागते आणि चुकले तर दुरुस्तीला पुन्हा तेवढाच काळ जातो. चिप बाजारात येण्याच्या कित्येक महिने आधी तिचे चाचणी नमुने मदरबोर्ड बनवणाऱ्यांकडे पोचतात, तिथून आकडे फुटू लागतात. मग कंपनी स्वतः निवडलेल्या चाचण्यांचे आलेख दाखवते. परीक्षकांना चिप आधी मिळते, पण ठरलेल्या तारखेपर्यंत निकाल छापण्याची मुभा नसते. खरे काय ते त्या दिवशी कळते.

छापील आकड्याच्या मोहाचे सर्वांत मोठे उदाहरण इंटेलच्याच घरात घडले. ६ मार्च २००० रोजी एएमडीने १ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन जाहीर केला, दोनच दिवसांनी इंटेलने १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ आणला. त्याच वर्षी आलेल्या पेंटियम ४ ची सारी रचनाच ठोके वाढवण्यासाठी केलेली होती. आज्ञेवरचे काम २० छोट्या टप्प्यांत वाटले, म्हणजे प्रत्येक टप्पा झटपट उरकतो आणि घड्याळ जोरात पळवता येते. २००४ च्या ‘प्रेस्कॉट’ या पेंटियम ४ च्या आवृत्तीत हे टप्पे ३१ झाले. पण प्रोग्रॅममध्ये जिथे वाट फुटते तिथे प्रोसेसर पुढची दिशा अंदाजाने ठरवतो, आणि तो अंदाज चुकला की टप्प्यांत भरलेले सगळे काम फेकून द्यावे लागते. टप्पे जितके जास्त तितके नुकसान मोठे. शिवाय चिप भयंकर तापू लागली. ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चे आश्वासन इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये मागे घेतले.

एएमडीने त्याच काळात दुसरा रस्ता धरला. सप्टेंबर २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ मध्ये मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरच्याच आत आणले, त्यामुळे रॅमकडून माहिती येण्यातला उशीर कमी झाला. आणि जुने ३२-बिट प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवत ६४-बिटची सोय केली. इंटेलने ६४-बिटसाठी इटॅनियम ही निराळीच आज्ञावली पुढे केली होती. मायक्रोसॉफ्टने एएमडीच्या पद्धतीला पाठिंबा दिला आणि २००४ मध्ये इंटेललाही तीच स्वीकारावी लागली. आज एक्स८६ वर चालणारा विंडोजचा कोणताही नेहमीचा संगणक, प्रोसेसर इंटेलचा असला तरी, एएमडीने आखलेल्या ६४-बिट विस्तारावर चालतो. या सगळ्या इतिहासात एएमडीचे यापेक्षा मोठे काम दुसरे नाही.

चांगली चिप आणि चांगली विक्री यांचा मेळ मात्र बसला नाही. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना सवलती देऊन इंटेलने आपली वाट अडवली, असा दावा एएमडीने २००५ साली न्यायालयात केला. २००९ मध्ये युरोपीय आयोगाने इंटेलला १.०६ अब्ज युरोचा दंड ठोठावला. त्याच वर्षी इंटेलने एएमडीला १.२५ अब्ज डॉलर देऊन वाद मिटवला. युरोपातला खटला पुढे बरीच वर्षे चालला, तो दंड २०२२ मध्ये रद्द झाला आणि पुढच्या वर्षी कमी रकमेचा नवा दंड लागला.

अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांची गाठ कशी पडते हे पाहायला २००६ आणि २०११ ही दोन वर्षे शेजारी ठेवावीत. मार्च २००६ मध्ये इंटेलने सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या मेळाव्यात ‘कॉनरो’ या येऊ घातलेल्या प्रोसेसरचा नमुना परीक्षकांपुढे मांडला. शेजारी एएमडीचा अ‍ॅथलॉन एफएक्स-६० होता, तोही मुद्दाम वेग वाढवून २.८ गिगाहर्ट्झवर नेलेला. कॉनरो २.६६ वरच चालत होता आणि तरीही बहुतेक चाचण्यांत बराच पुढे गेला. दोन्ही संगणक इंटेलनेच जुळवलेले असल्यामुळे अनेकांनी नाक मुरडले. जुलैमध्ये तोच कोर २ ड्युओ या नावाने बाजारात आला आणि स्वतंत्र चाचण्यांतही मार्चचे आकडे टिकले. इस्रायलमधल्या चमूने लॅपटॉपसाठी केलेल्या, कमी विजेत जास्त काम उरकणाऱ्या रचनेतून तो वाढला होता. गिगाहर्ट्झच्या शर्यतीत इंटेलनेच उभा केलेला आकडा इंटेलनेच मोडीत काढला.

२०११ ची गोष्ट उलटी. एएमडीचा ‘बुलडोझर’ येणार म्हणून वर्षानुवर्षे चर्चा चालली होती. डेस्कटॉपवर आठ कोर मिळणार होते, इंटेलच्या नेहमीच्या सर्वांत महाग चिपला चारच होते. सप्टेंबरमध्ये एएमडीने द्रव हेलियमने थंड केलेली ही चिप ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेल्याचे जाहीर केले आणि त्याचा गिनीज विक्रमही झाला. १२ ऑक्टोबरला बुलडोझर रचनेच्या एफएक्स-८१५० ची परीक्षणे आली. एका कोरवर अवलंबून असलेल्या कामांत ही चिप काही ठिकाणी एएमडीच्याच जुन्या फेनम २ च्या मागे पडली, इंटेलच्या तेव्हाच्या सँडी ब्रिज पिढीची बरोबरी तर दूरच. आतली रचना पाहिली की कारण कळते. आठ कोर चार जोड्यांत बांधले होते आणि प्रत्येक जोडीत आज्ञा उलगडणारा भाग आणि दशांश गणिताचा भाग सामाईक होता. आठ म्हणायचे की चार, यावर अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला. एएमडीने तो २०१९ मध्ये १.२१ कोटी डॉलरवर मिटवला. विक्रम खरा होता, कोरचा आकडाही एका अर्थी खरा होता, फक्त ग्राहकाच्या रोजच्या कामाशी दोहोंचा संबंध फार थोडा होता.

बुलडोझरच्या अपयशाची किंमत एकट्या एएमडीने मोजली नाही. जानेवारी २०११ चा कोअर आय७-२६००के चार कोरचा होता आणि जानेवारी २०१७ चा आय७-७७००के हाही चारच कोरचा. सहा वर्षे गेली, सामान्य खरेदीदाराच्या पदरात दरवर्षी थोडीशी वाढ पडत राहिली. स्पर्धक ढिला पडला की पुढे असलेली कंपनीही घाई करत नाही, याला यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

लिसा सू ऑक्टोबर २०१४ मध्ये एएमडीच्या प्रमुख झाल्या तेव्हा कंपनी डबघाईला आली होती. ‘झेन’ या नव्या रचनेत आयपीसी ४० टक्क्यांनी वाढेल, असे कंपनीने २०१५ मध्ये सांगितले, पण बुलडोझरने पोळलेल्यांचा त्यावर विश्वास बसणे कठीण होते. प्रत्यक्षात एएमडीने ५२ टक्के वाढ जाहीर केली. २ मार्च २०१७ रोजी आठ कोरचा रायझन ७ १८००एक्स ४९९ डॉलरला आला. इंटेलच्या आठ कोरच्या आय७-६९००के ची किंमत हजार डॉलरच्या वर होती. गेममध्ये रायझन तेव्हा मागे होता, रॅमच्या जुळणीच्याही तक्रारी होत्या. तरी त्याच ऑक्टोबरमध्ये इंटेलने नेहमीच्या सॉकेटवर सहा कोर दिले आणि साचलेले पाणी वाहू लागले.

यानंतर रचनेइतकेच कारखान्याला महत्त्व आले. इंटेल चिप मुख्यतः स्वतः बनवते आणि तिचे १० नॅनोमीटरचे तंत्र वर्षानुवर्षे रखडले. एएमडीने आपले कारखाने २००९ मध्येच वेगळे काढले होते, त्यामुळे तिला तैवानच्या टीएसएमसीकडे जाता आले. जुलै २०१९ च्या रायझन ३००० मध्ये कोरचे छोटे तुकडे ७ नॅनोमीटरवर आणि बाकीच्या जोडणीचा तुकडा जुन्या, स्वस्त तंत्रावर असे वेगवेगळे बनवून एकाच पाटीवर बसवले होते. छोट्या तुकड्यात दोष निघाला तर थोडेच सिलिकॉन वाया जाते. त्यातून त्या वर्षअखेर १६ कोरचा प्रोसेसर साध्या डेस्कटॉपवर आला.

एप्रिल २०२२ मध्ये मोजपट्टी पुन्हा बदलली. रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये ३२ मेगाबाइट कॅशच्या डोक्यावर आणखी ६४ मेगाबाइटचा पातळ तुकडा चढवला होता. त्याचे ठोके आधीच्या ५८००एक्स पेक्षा कमी होते, किंमत वरची होती आणि कोर तितकेच. तरीही गेममध्ये तो भल्याभल्यांना मागे टाकत असे, कारण गेमला पुन्हा पुन्हा लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता चिपवरच सापडत होती. वरच्या तुकड्यामुळे कोरची उष्णता कुलरपर्यंत पोचायला अडथळा होई. म्हणून नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये थर उलटे केले : कॅश खाली, कोर वर. कोर कुलरच्या जवळ आले आणि घड्याळ ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढवता आले.

इंटेलला २०२४ हे वर्ष वाईट गेले. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे कायमचे बिघडू लागले. कंपनीने ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ऑक्टोबरमधला कोअर अल्ट्रा २०० एस वीज कमी खात होता, पण गेममध्ये अनेकदा आपल्याच आधीच्या पिढीच्या मागे राहिला. त्याचा मुख्य तुकडा तर टीएसएमसीने बनवला होता. एएमडीचे साधे रायझन ९००० देखील गेमच्या बाबतीत अपेक्षेला उतरले नव्हते, हेही नोंदवायला हवे. त्याच ऑक्टोबरमध्ये दोन्ही कंपन्यांनी एक्स८६ साठी सामाईक सल्लागार गट स्थापन केला. अ‍ॅपलने २०२० पासून आपले संगणक आर्म या निराळ्या आज्ञावलीच्या चिपवर नेण्यास सुरुवात केल्यानंतर दोघांनाही बाहेरचा स्पर्धक दिसू लागला होता.

आता नजर पुढच्या पिढीवर आहे. इंटेलने ‘नोव्हा लेक’साठी २०२६ ची अखेर सांगितली आहे. एएमडीचा ‘झेन ६’ टीएसएमसीच्या २ नॅनोमीटर तंत्रावर येतो आहे आणि एएम५ सॉकेटला २०२७ व त्यापुढेही साथ देण्याचे तिने जाहीर केले आहे. इंटेलकडून कोरची संख्या आणि कॅशचा आकार दोन्ही वाढण्याची चर्चा आहे. या चर्चेत सॉकेटचा मुद्दा बहुधा मागे पडतो, पण खरेदीदाराच्या खिशाला तोच जास्त लागतो. एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटच्या, २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत करून २०२२ चा ५८००एक्स३डी बसवता आला, तर इंटेलचा सॉकेट दोन-तीन पिढ्यांत बदलत आला आहे. ज्याचा संगणक आज काम अडवतो आहे त्याने गळतीतल्या आकड्यांवर खरेदी लांबवू नये. ज्याचे काम चालू आहे त्याने विक्रीच्या दिवसाची स्वतंत्र परीक्षणे वाचावीत, त्यांत आपण रोज वापरतो तोच प्रोग्रॅम शोधावा आणि चिपच्या किमतीत मदरबोर्ड व रॅमची किंमत मिळवूनच तुलना करावी.