‘सेट’ : बसवण्याच्या एका क्रियेचा पसारा

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. त्या खंडांतली सर्वांत लांब नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची. चारशे तीसहून अधिक अर्थ आणि सुमारे साठ हजार शब्दांचा मजकूर! इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला हा शब्द पहिल्या-दुसऱ्या वर्षातच भेटतो आणि मग जन्मभर नव्या नव्या रूपात भेटत राहतो. एवढ्याशा शब्दात इतके अर्थ आले कुठून, आणि ते मोजले कोणी?

आधी मोजणाऱ्यांविषयी. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच यांनी त्या काळच्या इंग्रजी कोशांतल्या उणिवांवर व्याख्याने दिली. तिथून या नव्या कोशाची कल्पना निघाली. (त्याच वर्षी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारलेली दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली, हा मला सुखद वाटणारा योगायोग.) १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले. मिल हिल येथे शाळेत शिकवत असताना त्यांनी आवारात एक पत्र्याची खोली उभारली आणि भिंतींना खणाखणांची कपाटे लावली. देशोदेशीचे वाचक पुस्तके वाचून, त्यांतली वाक्ये कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून तिकडे पाठवत. दहा वर्षांत पुरे होईल असे वाटलेल्या कामाचा पहिला भाग निघेपर्यंत १८८४ उजाडले, आणि तो भागही ‘अँट’ या शब्दापाशी थांबला होता. कोश पूर्ण झाला १९२८ मध्ये. मरे तेरा वर्षांपूर्वीच, ‘टी’ अक्षरावर काम करत असताना वारले होते.

या कोशाचा नियम साधा आणि कठोर होता. अर्थ कोशकाराने मनाने सांगायचा नाही. चिठ्ठ्या वाचून तो ओळखायचा, आणि प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणे द्यायची. ‘एस’ अक्षराचा जो भाग ‘सेट’ला सामावतो तो हेन्री ब्रॅडली यांच्याकडे आला. ब्रॅडली शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांच्या एका पेढीत वीस वर्षे पत्रव्यवहाराचे कारकून होते. भाषा ते आपले आपण शिकले. कोशाच्या पहिल्या भागावर त्यांनी लिहिलेले परीक्षण इतके जाणकारीचे होते की मरे यांनी त्यांना कामातच ओढून घेतले. चिठ्ठ्यांचे ढीग टेबलावर पसरायचे, एक गठ्ठा दुसऱ्यातून वेगळा काढायचा, पुन्हा मिसळायचा, पुन्हा वेगळा करायचा : मोठ्या नोंदी अशाच तयार होत. मला या कामाविषयी निखळ आदर वाटतो.

आता शब्दाकडे वळू. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. प्राचीन जर्मानिक भाषेत ‘सिट’चे प्रयोजक रूप होते, त्याचा हा वंशज. मराठी वाचकाला हे नाते ऐकीव ठेवायची गरज नाही, कारण ते आपल्या घरातलेच आहे. संस्कृतातला ‘सद्’ धातू आणि इंग्रजीतला ‘सिट’ एकाच मुळाचे. ‘सादयति’, म्हणजे बसवतो, हे रूप ‘सेट’चा थेट भाऊबंद. उपनिषद, परिषद, संसद हे सगळे शब्द त्याच बसण्यातून आले. ‘प्रसन्न’सुद्धा. गाळ खाली बसून पाणी नितळ झाले की ते प्रसन्न. मनाची प्रसन्नता ही त्याची पुढची पायरी. म्हणजे बसण्याच्या क्रियेतून दूरदूरचे अर्थ काढण्याची खोड या भाषाकुळाला फार जुनी आहे.

बसवणे ही हाताची क्रिया आहे, आणि ‘सेट’चे बहुतेक अर्थ कुणाच्या ना कुणाच्या हाताखालून गेले आहेत. हाडवैद्याने निखळलेले हाड जागेवर आणले, सोनाराने हिरा कोंदणात घातला, शेतकऱ्याच्या बायकोने खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, सुताराने करवतीचे दाते एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवले, छापखान्यात जुळाऱ्याने खिळे ओळीत लावले : इंग्रजीत या सगळ्याला ‘सेट’. मग वस्तू मनुष्याच्या हाताविना आपोआप स्थिरावू लागल्या, तेव्हाही शब्द तोच राहिला. चुना घट्ट होतो, जेली गोठते, सूर्य मावळतो. त्यानंतर हात पूर्णच सुटला. किंमत ठरवणे, प्रश्नपत्रिका काढणे, कवितेला चाल लावणे, पायंडा पाडणे, प्रवासाला निघणे, मनाशी निश्चय करणे. एखाद्या अर्थाची अडचण आली की पुढे मागे एखादा छोटा शब्द जोडायचा, ‘सेट अप’, ‘सेट आउट’, ‘सेट इन’, आणि प्रत्येक जोडीतून आणखी डझनभर अर्थ. संख्येला फुगवणारा मोठा वाटा या जोड्यांचाच आहे.

चहाच्या कपबश्यांचा सेट मात्र मुळात वेगळ्या घरातला. तो जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मागे लॅटिनमधला ‘सेक्ता’, म्हणजे अनुयायांचा जथा. ‘सेक्ट’ म्हणजे पंथ, हा त्याचा सख्खा भाऊ. उच्चार जुळला म्हणून इंग्रजी कानाने दोघांना एक मानले, आणि मांडून ठेवलेल्या वस्तू व एकत्र असलेल्या वस्तू यांतला फरक पुसला गेला. गेओर्ग कँटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे गणित उभारले त्यालाही इंग्रजीत हाच शब्द मिळाला. आपल्या नववीच्या पुस्तकात तो ‘संच’ होऊन येतो.

मराठीत ‘सेट’चे काम एका क्रियापदावर भागत नाही. हाड, दात, नळ, खडा, गणपती आणि नाटक आपण बसवतो. सापळा, घड्याळ, आग, चाल लावतो. ताट आणि डाव मांडतो. भाव ठरवतो, कुत्रा अंगावर सोडतो. भाषांतरकाराच्या मानेवरचे जू ते हेच. पण उलट बाजूने पाहा. ‘बसणे’ घ्या : आवाज बसतो, विश्वास बसतो, धक्का बसतो, जम बसतो, मेळ बसतो. ‘लागणे’ घ्या : भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, लग्न लागते, रोप लागते, दही लागते, प्रवासात गाडी लागते, वाक्याचा अर्थ लागतो, आणि मनाविरुद्ध जावे लागते. इंग्रज कोशकाराला इथे तितकाच घाम फुटेल. ‘बसवणे’ आणि ‘लावणे’ दोन्ही प्रयोजक, जसा ‘सेट’. वस्तूला तिच्या जागी नेणाऱ्या साध्या क्रियापदांवर अर्थ साचत जातात, असे मला यातून दिसते.

पुढे ‘सेट’चे पहिले स्थान गेले. कोशाची तिसरी आवृत्ती ‘एम’ अक्षरापासून सुरू झाली, त्यामुळे २००० मध्ये ‘मेक’, २००७ मध्ये ‘पुट’ आणि २०११ मध्ये ‘रन’ अशी सरशी होत गेली. कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी नऊ महिने खर्चून ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे केले. त्यातही पळणे आणि पळवणे अशी दोन जुनी क्रियापदे एकात मिसळलेली आहेत. आगगाडी, कारखाना, निवडणूक, संगणकाचा प्रोग्राम हे सगळे इंग्रजीत ‘रन’ होते. यंत्रयुगाने या शब्दाला वेग दिला हे उघड आहे. तरी तुलना सारखी नव्हती. ‘रन’ नव्याने तपासलेला, तर ‘सेट’चा आकडा जुन्या आवृत्तीतला. त्यामुळे कोण जिंकले यापेक्षा मला ते नऊ महिने मोलाचे वाटतात. एका शब्दासाठी एका माणसाला तेवढा वेळ देणारी संस्था तिथे आहे.

आपल्याकडे यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत काढला. पुरवणी १९५० मध्ये आली. संतवाङ्मयापासून बखरींपर्यंतची अवतरणे त्यात आहेत. जुन्या मराठीसाठी शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा कोश १९९९ मध्ये झाला. त्या दोन कोशांनंतर बोलणाऱ्यांनी ‘लावणे’ कुठवर नेले ते सालवार टिपलेले मला हवे आहे. आज घराघरांत फिल्टर लावतात, डीपी लावतात, स्टेटस लावतात. मराठी छापील मजकुरात ‘स्टेटस लावणे’ पहिल्यांदा कोणत्या वर्षी आले, हे आत्ता शोधता येईल. वर्तमानपत्रांच्या त्या काळातल्या फायली अजून ग्रंथालयांत आहेत, आणि तो शब्दप्रयोग पहिल्यांदा करणारी मुलेमुली अजून तिशीच्या आसपास आहेत.