चार तारांवर रॉक – भाग ७ : दोन धप, एक टाळी

मागच्या आठवड्यात आपण सी, एफ, जी आणि ए मायनर हे चार कॉर्ड बोटांत बसवले. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात माझ्या ओट्यावर संध्याकाळी जी पोरं युकुलेले घेऊन बसतात, त्यांनीही ते बसवले. आता त्यांचा एकच प्रश्न आहे : रॉक कधी? एमआयडीसीतली पाळी सुटली की त्यातले दोघे थेट इकडेच येतात. दिवसभर यंत्राच्या आवाजात काम केलेल्या माणसाला संध्याकाळी हळुवार प्रेमगीतच हवं असतं, असं नाही. त्यांना मैदानभर लोक एका आवाजात म्हणतात तसली गाणी हवी आहेत.

अडचण सगळ्यांना दिसते आहे. दारव्हा रोडवरून एक ट्रक गेला की आमच्या पाच युकुलेलेंचा आवाज त्यात बुडून जातो. हातात आहे २१ इंची लाकडी खोका आणि त्यावर नायलॉनच्या चार तारा. वाजवायचं आहे ते मात्र मोठे अ‍ॅम्प्लिफायर आणि ड्रम यांच्या जोरावर उभं राहिलेलं संगीत. शेजारच्या भजनी मंडळातल्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काहून बा, एवढ्याशा पेटीतून काय आवाज निघन?" त्या प्रश्नाचं उत्तर आजच्या भागात आहे, आणि ते बऱ्याच अंशी काकांच्याच हातात आहे.

गोष्ट १९७७ सालची. इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड गावी बिंगले हॉलमध्ये क्वीन या बँडचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपला, वादक आत गेले, पण लोक हलेनात. फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात ते एक गाणं सगळे मिळून बँडसाठीच गात राहिले. गिटारवादक ब्रायन मे याच्या डोक्यात ते रात्रभर घोळत राहिलं. दाटीवाटीत उभी असलेली माणसं काय काय करू शकतात, याचा त्यानं विचार केला. वाद्य त्यांच्या हातात नसतं. पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते, गाता येतं. त्यातून 'वी विल रॉक यू' जन्मलं.

हे गाणं मूळ ध्वनिमुद्रणात पुन्हा ऐका. जेमतेम दोन मिनिटांचं आहे. त्यात ड्रम नाहीत. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत मंडळींनी जुन्या लाकडी फळ्यांवर पाय आपटले, टाळ्या वाजवल्या, आणि तेच पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवलं. मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. प्रत्येक थराला त्यानं किंचित वेगवेगळा उशीर दिला. ते अंतर एकमेकांच्या पटीत येऊ नये म्हणून मूळ संख्यांचा आधार घेतला. त्यामुळे प्रतिध्वनीसारखं वाटत नाही, हजारो माणसं जवळ-दूर उभी राहून पाय आपटताहेत असं वाटतं. गिटार? ती शेवटच्या अर्ध्या मिनिटात येते. म्हणजे जगातल्या सर्वांत दणदणीत रॉक गाण्यांपैकी एक गाणं पाऊण वेळ गिटारशिवायच उभं आहे.

हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. इलेक्ट्रिक गिटारसारखा आवाज युकुलेलेतून काढायचा प्रयत्न करणारे थोड्याच दिवसांत कंटाळतात. या गाण्यांची ताकद कुठं आहे ते ओळखलं, तर चार तारा पुरतात. ती ताकद ठेक्यात आहे आणि लोकांनी साथ धरण्यात आहे. आपल्या विदर्भाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हातातल्या एका खंजिरीवर गावंच्या गावं गायला लावली. पुढच्यानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुवपद उचलायचं, टाळी समेवर पडली पाहिजे. काकांना मी 'वी विल रॉक यू' मोबाइलवर ऐकवलं. अर्ध्या मिनिटात त्यांचा हात मांडीवर पडू लागला आणि ते म्हणाले, "हे तं आपल्या खंजेरीवालंच काम हाय."

आता हात लावू. ठेका केरव्यात मोजा, आठ मात्रा : धा धा ता ऽ, धा धा ता ऽ. पहिल्या दोन मात्रांना धप, तिसरीला टाळी, चौथी रिकामी. रिकामी मात्रा खरोखर रिकामी सोडा. नवीन माणूस घाईनं तिथंच पुढचा धप आणतो आणि सगळं गाणं पळायला लागतं. टाळी ते टाळी मोजली तर मिनिटाला साधारण ४० टाळ्या पडतात, म्हणजे लय संथच आहे.

धप दोन तऱ्हांनी काढता येतो. पाटावर किंवा लाकडी ओट्यावर बसला असाल तर सरळ टाच आपटा. नाहीतर उजव्या हाताच्या अंगठ्याचा मांसल भाग घोडीच्या खाली, पोटाच्या लाकडावर हलकेच टेकवा. नखानं किंवा बोटाच्या हाडानं ठोकू नका, पातळ लाकूड आहे. टाळीच्या जागी येतो तो 'चंक'. तर्जनीचं नख चारही तारांवरून खाली ओढायचं आणि त्याच झटक्यात तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज बंद करायचा. तबल्याशी ओळख असेल त्यांना हे लगेच कळेल : हा बंद बोल आहे, 'क' किंवा 'ते' सारखा. सूर ऐकू येता कामा नये, नुसता 'च्यक' असा कोरडा आवाज आला पाहिजे. आमच्याकडे एका मुलीला हे पहिल्या दिवशी जमलं. तिचे वडील ढोलकी वाजवतात. मला स्वतःला तीन आठवडे लागले. ओढणं आणि दाबणं या दोन वेगळ्या हालचाली म्हणून शिकलात तर उशीर होतो. एकच हालचाल आहे असं समजून हळू करा.

डाव्या हाताला फक्त ए मायनर द्या. एक बोट, सर्वांत वरच्या तारेवर दुसरा पडदा. ओळ गाताना कॉर्ड बदलायची गरजच नाही. एवढ्यावर गाणं उभं राहतं. समोर पाच माणसं टाळ्या देत असतील तर फारच चांगलं उभं राहतं.

क्वीनचा आपल्याशी असलेला संबंध इथं सांगितलाच पाहिजे. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. मूळ नाव फारुख बलसारा, पारशी कुटुंबातला, जन्म १९४६, झांझिबारचा. १९५५ साली, आठ वर्षांचा असताना, त्याला सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. 'फ्रेडी' हे नाव त्याला शाळेतल्या मित्रांनीच दिलं. तिथंच तो पियानो शिकला आणि १९५८ साली शाळेतल्याच पोरांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पाच जणांचा बँड काढला. त्यात तो पियानो वाजवायचा. इंग्लंड त्यानं पाहिलं ते त्यानंतर काही वर्षांनी, १९६४ मध्ये. स्टेडियम हलवणाऱ्या या माणसानं पहिल्यांदा बँडमध्ये हात चालवला तो सह्याद्रीच्या पठारावर, शाळेतल्या पोरांसमोर.

आणि ब्रायन मे? त्याचे पहिले कॉर्ड गिटारवरचे नव्हेत. त्याच्या वडिलांकडे युकुलेले-बँजो होता, म्हणजे युकुलेलेच्या तारा आणि बँजोचं कातडी पोट. लहानपणी तो त्यावर शिकला. क्वीनच्या १९७५ च्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' या अल्बममधल्या 'गुड कंपनी' या गाण्यात तो युकुलेले-बँजोच वाजवतो. त्याच्या कितीतरी आधी, १९६३ पासून, बाप-लेकांनी घरी बसून इलेक्ट्रिक गिटार तयार केली, तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरली आणि स्प्रिंगा मोटरसायकलच्या बसवल्या. आयुष्यभर तो तीच गिटार वाजवत आला आहे. विकत घेण्याची ऐपत नाही म्हणून वाद्य बनवणारी माणसं रॉकच्या अगदी मधोमध बसलेली आहेत, हे माझ्या पोरांना मी मुद्दाम सांगतो.

आता थोडं स्वरांचं. पांढरी एकला सा धरलात तर युकुलेलेच्या चार मोकळ्या तारा हनुवटीकडून जमिनीकडे अशा येतात : प, सा, ग, ध. रॉकमधला जो भरभक्कम कॉर्ड आहे, ज्याला वादक पॉवर कॉर्ड म्हणतात, त्यात गंधार नसतो. फक्त सा आणि प. कारण साधं आहे. अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज मुद्दाम फाडला की सुरांच्या मिश्रणातून नवे सूर तयार होतात. सा-प यांचं नातं दोनास तीन असं सरळ आहे, म्हणून फाटलेल्या आवाजातही ते ठाम राहतं. गंधार घातला की सगळं गढूळ होतं. म्हणून गिटारवाल्यांनी तो काढून टाकला. सा आणि प, दुसरं काही नाही : आपल्या गवयाच्या मागं तंबोरा बहुधा असाच तर लावलेला असतो. मला स्वतःला हे उमगलं त्या दिवसापासून रॉक परका वाटला नाही.

युकुलेलेवर तो असा धरा : वरच्या दोन तारा मोकळ्या, खालच्या दोन तारांवर तिसऱ्या पडद्यावर एकच बोट आडवं. लिहायचं झालं तर ०-०-३-३. वाजवून पाहा, ऐकू येतं ते प, सा, प, वरचा सा. हाच आकार दोन पडदे पुढं सरकवला की २-२-५-५, म्हणजे रे ला सा केलं. तिथं वरच्या दोन तारांनाही एक बोट आडवं लागेल. असा सगळा हात वर-खाली सरकवत राहायचं. मधल्या वेळी चंक. रॉकची अर्धी गाणी एवढ्यावर ओळखू येतात.

'हॉटेल कॅलिफोर्निया'ची फर्माईश प्रत्येक बैठकीत होते, म्हणून थोडक्यात. ईगल्सचं १९७६ च्या अल्बममधलं हे गाणं मूळ बी मायनरमध्ये आहे. आपण ते ए मायनरमध्ये आणू. क्रम असा : ए मायनर, ई, जी, डी, एफ, सी, डी मायनर, पुन्हा ई. यातला ई मेजर हा युकुलेलेवरचा सर्वांत त्रासदायक कॉर्ड आहे, तीन बोटं चौथ्या पडद्यावर कोंबावी लागतात. त्याच्या जागी ई सेव्हन घ्या : १-२-०-२. कानाला खटकत नाही. शेवटची लांबलचक गिटार मात्र सोडून द्या. नायलॉनच्या तारेचा सूर दोन-तीन सेकंदांत विझतो, तो ताणून धरता येत नाही. तिथं माणसांना आलाप घेऊ द्या.

विझणाऱ्या सुरातूनही मोठं काम करता येतं, हे हवाईच्या जेक शिमाबुकुरोनं दाखवलं. गिटारवादक जॉर्ज हॅरिसनचं 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' त्यानं एकट्यानं युकुलेलेवर वाजवलेला व्हिडिओ २००६ मध्ये इंटरनेटवर आला आणि जगभर पाहिला गेला. पंडित रविशंकरांकडे सतार शिकलेला हॅरिसन स्वतः युकुलेलेचा वेडा होता. त्याच्या पहिल्या स्मृतिदिनी, २९ नोव्हेंबर २००२ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याचा जुना बँडसाथी पॉल मॅकार्टनी यानं हॅरिसनचं 'समथिंग' हे गाणं एका युकुलेलेवर सुरू केलं. हजारो श्रोत्यांपुढं तेवढंच पुरलं.

वाद्य सांभाळण्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडचा उन्हाळा साधा नाही. यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. टिनाच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत युकुलेले ठेवलंत तर डिंक सुटून घोडी उखडू शकते. भिंतीला टांगू नका, कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. नवीन घेणार असाल तर अखंड लाकडाऐवजी प्लायचं घ्या, आपल्या कोरड्या हवेत ते कमी तडकतं. नव्या तारा पहिले आठ-दहा दिवस ताणत राहतात, तेवढे दिवस दर गाण्याआधी सूर लावावा लागेल. वाद्य खराब आहे असं समजून दुकानात परत नेऊ नका.

या आठवड्याचा सराव. रोज दहा मिनिटं युकुलेले बाजूला ठेवून नुसता ठेका : दोन धप, एक टाळी, एक रिकामी मात्रा. पुढची दहा मिनिटं चंक. मग ए मायनर धरून दोन्ही एकत्र. आठव्या भागात 'वी आर द चॅम्पियन्स' घेऊ. ते सहा मात्रांत चालतं, म्हणजे दादरा म्हणून मोजायचं आहे. येत्या शनिवारी मात्र सराव एकट्यानं करू नका. घरातली, गल्लीतली चार माणसं बोलवा, त्यांना टाळी द्या आणि त्यांच्या टाळीवर वाजवा.